तीन शब्दांचं काम

"हात वर करा की जरा," माझी बायको राजमती म्हणाली.

मी डावा हात वर केला. उजवा तिनंच उचलून सदऱ्याच्या बाहीत घातला, बटणं लावली आणि टोप बसवायला रंगभूषाकाराला हाक मारली. सांगलीच्या नाट्यगृहातल्या मेकअपरूममध्ये मी खुर्चीवर बसलो होतो. रविवार होता. चार वाजले होते आणि साडेचारला प्रयोग होता. आरशातून पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा गडी माझ्याकडे बघत होता. त्याचं तोंड किंचित डावीकडं ओढलेलं होतं. तेवढं मात्र रंगभूषाकारानं केलेलं नव्हतं.

"पाणी पाहिजे काय वो?"

मला म्हणायचं होतं, 'नको, आधी प्यायलेलंच घामातून बाहेर येतंय.' तोंडातून निघालं, "तासगाव."

"म्हणजे नको," राजमती रंगभूषाकाराला म्हणाली. आठ महिन्यांत तिला सवय झाली होती. मला झाली नव्हती.

मी भूपाल मगदूम. मिरजेच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक. बावीस वर्षं माइकसमोर बसलो. जतची म्हातारी असो नाहीतर विजापूरचा व्यापारी, माझा आवाज ऐकल्याशिवाय कुणी बोचकं उचलत नसे. लग्नात पंगतीला बसलो तरी शेजारचा म्हणायचा, "साहेब, एकदा म्हणून दाखवा की, फलाट क्रमांक तीन!" मीही म्हणून दाखवायचो. मोठा तोरा होता मला त्या आवाजाचा. खोटं कशाला सांगू?

त्या वर्षीच्या जानेवारीत एका सकाळी मी नेहमीसारखा माइक ओढला. जत-विजापूर गाडी लागली होती. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्या," इथपर्यंत ठीक गेलं. त्यानंतर कर्ण्यातून जे ऐकू आलं ते "तीन, पळी, गाडी, पळी, तीन, तीन" असलं काहीतरी होतं. माझाच आवाज, माझाच थाट, आणि त्यातलं मला अवाक्षर कळत नव्हतं. फलाटावरचे लोक हसायला लागले. पेपरवाला ओरडला, "मगदूमसाहेब सकाळी सकाळीच घेऊन आलं वाटतं!" जन्मात दारू न हुंगलेला माणूस मी. त्याला उत्तर द्यायला तोंड उघडलं तर पुन्हा "पळी" आलं. मग माझा उजवा हात टेबलावरून खाली घसरला आणि तो वर घेता येईना. मरणाची भीती वाटते म्हणतात. मला त्या क्षणी मरणाचं सुचलंच नाही. माझ्या तोंडात दुसरंच कुणीतरी येऊन बसलंय, अशी भीती वाटली.

आमच्याकडं याला अंगावरून वारं गेलं म्हणतात. डॉक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी झाली. दोन महिन्यांत पाय चालायला लागला, हातात थोडी ताकद आली. भाषा तेवढी आली नाही. समजायचं सगळं, सापडायचं काही नाही. णमोकार मंत्र अथपासून इतिपर्यंत यायचा. एक ते शंभर आकडे यायचे. आणि ज्या शिव्या मी जन्मात कुणाला दिल्या नव्हत्या, त्या अस्खलित यायच्या. पण बायकोला 'भाजीत मीठ कमी आहे' एवढं सांगायला गेलो की तासगाव. मी माणसांत बसायचं सोडलं. दार वाजलं की आतल्या खोलीत जायचो.

मिरजेच्या ज्या दवाखान्यात मला नेत होते, तिथं दर गुरुवारी कालिंदी नेर्लेकर यायच्या. हे नाव त्या काळी कुणाला सांगावं लागत नव्हतं. वीस-पंचवीस वर्षं बाईंच्या नावावर नाटकं चालायची. चार वर्षांपूर्वी ऐन दौऱ्यात त्यांनाही हेच झालं. निर्मात्यांनी फोन बंद केले, नवऱ्यानं घर बदललं आणि दोन वर्षं बाई मुक्या होत्या. मग बोलायला लागल्या, आणि पहिलं काम काय केलं तर आमच्यासारखी सात माणसं गोळा केली.

त्यांची शिकवायची रीत नाटकातलीच. समोर वस्तू धरायची, पहिलं अक्षर द्यायचं आणि गप्प बसायचं. प्रॉम्प्टर करतो तसं. बाकीचा शब्द ज्याचा त्यानं शोधायचा. कितीही वेळ लागो, त्या मदत करायच्या नाहीत. कुपवाडच्या एका हमालाला त्यांनी तीन गुरुवार खर्चून बायकोचं नाव परत मिळवून दिलं. तो माणूस पुढं दिवसभर तेच घेत सुटला. बायकोच कंटाळली. एका शाळामास्तरीणबाईंना नातीला हाक मारता आली, तेव्हा अख्खा वर्ग रडला. बाई तेवढ्या रडल्या नाहीत. त्यांचं स्वतःचं बोलणंही अगदी थोडं. दोन शब्द बोलायच्या आणि गप्प. आम्हाला वाटायचं, बड्या नटीचा रुबाब.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं.

"तुम्ही. नाटकात. तीन शब्द."

पुढचं त्यांच्याबरोबर आलेल्या गुरवअण्णांनी सांगितलं. गुरवअण्णा म्हणजे त्यांचे जुने प्रॉम्प्टर, साठीचे, हातात कायम संहितेची वही. बाई नवीन नाटक घेऊन रंगभूमीवर परत आल्या होत्या. दोन प्रयोग झाले होते. शेवटच्या प्रवेशात घरचा म्हातारा गडी येतो आणि सांगतो, "बाई, गाडी आली." मग बाईंचं चार मिनिटांचं भाषण आणि पडदा.

"त्यो गडी करणारा माणूस कुठं गेला?" राजमतीनं विचारलं.

गुरवअण्णांनी बाईंकडं पाहिलं. "काढला. जमलं नाही."

मी उठून दाराकडं निघालो. राजमती कंबर बांधून पुढं झाली. "अवो बाई, साधं पाणी मागायला येत न्हाई ह्या माणसाला. ह्यास्नी उभं करून गावभर हसं करणार हायसा काय?"

बाई तिच्याशी बोलल्याच नाहीत. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि वर्गात द्यायच्या तसं अक्षर दिलं, "हो…"

"हो," मी सवयीनं म्हणालो.

"बघा. हो म्हणाले," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या. अशी फसवणूक मी आयुष्यात पाहिली नव्हती.

तालमी सुरू झाल्या आणि पहिल्याच दिवशी घोटाळा कळला. 'बाई' यायचं. 'गाडी'ही यायचं. पण बावीस वर्षं त्या शब्दापुढं जे यायचं तेच माझ्या जिभेवर बसलेलं. 'गाडी' म्हटलं की सुटलोच. "गाडी थोड्याच वेळात फलाट क्रमांक तीनवर येत आहे, प्रवाशांनी…" करत थेट 'धन्यवाद'पर्यंत. मधे थांबता यायचं नाही. बाकीची नटमंडळी तोंडं फिरवून हसायची. मला कळायचं की.

तिसऱ्या दिवशी गुरवअण्णांना दया आली. "बाई, 'मोटार दारात आहे' करू या. प्रेक्षकाला काय फरक पडतो?"

"नाही."

"मग 'निघायची वेळ झाली' म्हणू दे. आणि हेही नाही आलं, तर तुम्हीच विचारा, 'गाडी आली का रे?' म्हणून. हा मान हलवेल."

"नाही." बाईंनी माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांत जराही माया नव्हती. "यांनी 'आली' म्हटल्याशिवाय… मी तोंड उघडणार नाही."

घरी जाताना रिक्षात राजमती धुमसत होती. "केवढा गर्व म्हणायचा बाईचा! एक शब्द बदलला तर आकाश कोसळणार हाय काय?" माझंही मत तेच होतं. फक्त मला ते बोलून दाखवता येत नव्हतं.

आणि आता तो रविवार उजाडला होता.

तिसरी घंटा झाली. माझा प्रवेश दुसऱ्या अंकाच्या अगदी शेवटी. म्हणजे दीड-दोन तास नुसतं थांबायचं. विंगेतून प्रेक्षागृहाचा एक तुकडा दिसायचा. दुसऱ्या रांगेत आमच्या वर्गातले सहाजण ओळीनं बसले होते. दवाखान्यानं गाडी करून आणलं होतं त्यांना. हमालाच्या मांडीवर त्याच्या बायकोची पिशवी होती. मागं डेपोतली दहा-बारा पोरं दिसली. ज्यानं माझा आवाज ऐकला नाही असा माणूस त्या हॉलमध्ये शोधून सापडला नसता. मी मनातल्या मनात वाक्य घोकत होतो आणि प्रत्येक वेळी फलाट क्रमांक तीनवर जाऊन पोचत होतो.

बाई मात्र रंगमंचावर काय बोलत होत्या! पानंच्या पानं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. वर्गात दोन शब्दांवर गप्प होणारी हीच का बाई, असं वाटावं. मला त्यांचा राग आला. एवढं सगळं परत मिळालेल्या माणसाला माझे तीन शब्द सोडवत नव्हते.

शेवटचा प्रवेश लागला. मी मागच्या दाराकडं पाहिलं. चपला तिथंच काढलेल्या होत्या. बाहेर पडलो तर पुढच्या चौकात रिक्षा मिळते, हे मला माहीत होतं. मी दोन पावलं टाकली. उजवा पाय फळीवर घासला आणि आवाज झाला. गुरवअण्णांनी बाही धरली.

"मगदूम, तीन मिनिटं राहिली. कुठं निघाला?"

मी मान हलवली. नाही. नाही. नाही.

गुरवअण्णांचा स्वतःचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते कानाशी लागून म्हणाले, "ऐका माझं. नाही आलं तर गप्प उभे राहा. कितीही वेळ. पण दुसरं काही बोलू नका. पाया पडतो, दुसरं काही नको." आणि त्यांनी मला उजेडात ढकललं.

उजेड फार होता. समोर अंधार, आणि त्या अंधारात श्वास घेणारी माणसं. बाई मध्यभागी, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या. त्या माझ्याकडं वळल्या.

विंगेतून गुरवअण्णांचं अक्षर आलं, "बा…"

"बाई," मी म्हणालो. ठीक निघालं.

"गा…"

"गाडी," मी म्हणालो आणि माझ्या जिभेनं मला सोडलं. "गाडी थोड्याच वेळात फलाट क्रमांक…"

मागून हशा आला. कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "आरं, मगदूमसाहेब!" मी दात मिटले. जीभ मधे सापडली, तोंडात खारट चव आली, पण थांबलो. आठ महिन्यांत पहिल्यांदाच मी मधे थांबलो होतो. आणि थांबल्यावर पुढं काहीच नव्हतं. आकडे नाहीत, तासगाव नाही, शिवीही नाही. गुरवअण्णा "आ… आ…" करत होते. ते मला ऐकू येत होतं आणि त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. कर्ण्यातून माझाच आवाज ऐकला त्या सकाळी वाटली होती तीच भीती पुन्हा आली, फक्त या वेळी आडोशाला टेबलही नव्हतं.

हशा विरला. मला वाटलं, आता बोलतील बाई. एवढी मोठी नटी, एवढी वर्षं काढलेली. 'गाडी आली का रे?' एवढंच म्हटलं की मी मान हलवून मोकळा. त्या काही बोलल्या नाहीत. माझ्याकडं बघत राहिल्या. मी मनातल्या मनात त्यांना ती सगळ्यात अस्खलित शिवी दिली. शब्दासाठी आजारी माणसाचा जीव घेणारी बाई!

आणि मग मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

ओठ उघडत होते आणि मिटत होते. आत जीभ वर जात होती, दाताला लागत होती, परत येत होती. वरच्या ओठावर घाम आला होता. खुर्चीच्या पाठीवरची बोटं पांढरी पडली होती. प्रेक्षागृहातून बघणाऱ्याला वाटलं असेल, काय अभिनय करते बाई. मला तसं वाटणं शक्य नव्हतं. ते तोंड मी रोज सकाळी दाढी करताना आरशात बघत होतो.

बाईंना शब्द सापडत नव्हता. त्या मला अडवून उभ्या नव्हत्याच. माझ्या एका शब्दावर लोंबकळत होत्या.

माझी भीती तिथं पळाली, असं सांगितलं तर ते खोटं होईल. ती दुप्पट झाली. आतापर्यंत माझं हसं होणार होतं. आता या बाईचं सगळं जाणार होतं, नऊशे माणसांदेखत आणि माझ्या तोंडामुळं. मी पाय ओढत दोन पावलं त्यांच्याजवळ गेलो. तालमीत तसं काही नव्हतं. त्यांच्या डोळ्यांसमोर तोंड नेलं आणि गुरुवारी त्या आम्हाला द्यायच्या तसं त्यांना अक्षर दिलं.

"आ…"

त्यांचे डोळे माझ्या ओठांवर आले.

"आ…" मी पुन्हा म्हणालो. त्यांना मदत करायची म्हणून. आणि त्यांना देता देता माझ्याच तोंडातून अख्खा शब्द बाहेर पडला. "आली. बाई, आली."

बाईंनी श्वास घेतला. मग चार मिनिटं त्या बोलल्या. घर सोडून जाणाऱ्या त्या बाईचं ते भाषण मी तालमीत वीस वेळा ऐकलं होतं. त्या दिवशी त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. पडदा पडला. टाळ्या झाल्या असाव्यात. राजमती सांगते की हमाल खुर्चीवर उभा राहिला होता.

मेकअपरूममध्ये राजमती भांडायच्या तयारीनंच आली. बाई आरशासमोर बसून कापसानं रंग पुसत होत्या.

"बाई, तुमी एक शब्द बोलला असता तर काय बिघडत होतं? माझ्या माणसाची जीभ तुटली असती आज!"

गुरवअण्णांनी दार लावलं.

"वहिनी, बसा. बाईंना बोलता आलं असतं तर त्या बोलल्या असत्या." त्यांनी वही मांडीवर ठेवली. "त्यांना पाठ केलेलं सगळं येतं. पण समोरच्याचा शेवटचा शब्द हुबेहूब आला, तरच. तो शब्द बदलला की पुढचं दार बंद. मग मगदूमांत आणि त्यांच्यात काही फरक नाही. तालमीत मी शब्द बदलू या म्हणालो, ते नव्या शब्दावर पुन्हा बसवता येईल या आशेनं. ही गोष्ट मला माहीत आहे, डॉक्टरांना माहीत आहे. आज तुम्हाला कळली."

"पर त्या तर बऱ्या झाल्या म्हणत्यात समदी."

"म्हणू देत. इचलकरंजीच्या प्रयोगात त्या आधीच्या नटानं हशा घ्यायला पदरचं घातलं. 'मोटार दारात येऊन फुरफुरायलीय बघा' म्हणाला. मस्त हशा आला. बाई तशाच उभ्या. शेवटी पडदा पाडला आणि रक्तदाब वाढला म्हणून सांगितलं. अजून एकदा तसं झालं असतं, तर निर्माता नाटकच बंद करणार होता."

राजमती खुर्चीवर टेकली. तिचा आवाज उतरला. "मग तर चांगला कसलेला नट घ्यायचा. ह्यास्नी कशाला जीव टांगणीला लावून…"

बाईंनी कापूस खाली ठेवला. बोलायला त्यांना वेळ लागला आणि आम्ही तिघंही थांबलो.

"चांगला नट… विसरला… की दुसरं बोलतो." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "यांच्याकडं… दुसरं नाही."

आठ महिने लोक मला सांगत होते की तुमच्यात काय काय उरलेलं नाही. डॉक्टर, डेपो मॅनेजर, नातेवाईक. त्याच कारणासाठी मला कुणी मुद्दाम निवडेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी रडलो. लाज वाटली नाही. राजमतीनं उठून कापसाचा बोळा घेतला आणि बाईंच्या मानेवर राहिलेला रंग पुसायला लागली. त्या दोघी पुढं बारा वर्षं, बाई जाईपर्यंत, सख्ख्या बहिणींसारख्या राहिल्या. मी त्या नाटकाचे एकेचाळीस प्रयोग केले. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी गुरवअण्णांनी वही उघडली. "मंगळवारी कराड. मगदूम, येणार ना?"

मी बाईंकडं पाहिलं. या वेळी त्यांनी अक्षर दिलं नाही. मला 'हो' म्हणायचं नव्हतं आणि 'नाही'ही म्हणायचं नव्हतं. मला जे म्हणायचं होतं ते शोधायला किती वेळ गेला, सांगता येत नाही. बाहेर सेट उतरवायला सुरुवात झाली होती, खिळे काढल्याचे आवाज येत होते. कुणी मला घाई केली नाही.

"भी… भीती," मी म्हणालो. "भीती वाटते."

पाठ केलेलं नव्हतं, कुणी सुचवलेलं नव्हतं. आठ महिन्यांतलं माझं स्वतःचं पहिलं वाक्य. राजमतीचा हात बाईंच्या मानेवर तसाच थांबला.

बाई आरशातून माझ्याकडं बघत होत्या. त्यांचे ओठ दोनदा उघडले, मिटले.

"रोज," त्या म्हणाल्या.